पाहुण्यांच्या पाण्याचा कागद

नमुन्यात नायट्रेट लिटरला एकशे चाळीस मिलिग्रॅम होतं. मर्यादा पंचेचाळीसची. मी तपासणी तीनदा केली, तिसऱ्यांदा रसायनं नव्याने तयार करून. परीक्षानळीतला पिवळा रंग तिन्ही वेळा तेवढाच गडद आला.

पाणी सांगोल्याच्या पुढच्या एका वस्तीवरच्या नव्या बोअरचं होतं. १९७३चा मे महिना. आमची परदेशी संस्था दुष्काळी गावांतून बोअर पाडत होती आणि तान्ह्या मुलांसाठी दुधाची भुकटी वाटत होती. सोलापूरच्या कचेरीत पाणी तपासायचं काम माझ्याकडे होतं. ही बोअर जुन्या उकिरड्याला लागून घेतली होती, कारण यंत्राची गाडी तिथपर्यंतच जात होती. असं पाणी मोठ्या माणसाला सहसा बाधत नाही. पण त्यात कालवलेली भुकटी तीन-चार महिन्यांच्या बाळाला रोज दिली, तर त्याचं रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. ओठ निळे पडतात. उकळूनही उपयोग नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

वस्तीवर असं एक बाळ होतं. सोजरबाईचा नातू. त्याची आई बाळंतपणात गेली होती. मी नमुना घ्यायला गेले तेव्हा सोजरबाई त्याला मांडीवर घेऊन हापशासमोर बसली होती. हापशाच्या दांड्याला साखळी होती.

"कवा उगडायचं म्हनं हे?"

"पाहुणे आल्यावर."

"टँकर चार-चार दिसानं येतुया. भुकटी हाय, पन पानी न्हाय. कोरडी चारू काय ह्याला?"

मी अहवाल दिला त्याला अठरा दिवस झाले होते. तेव्हापासून तो साहेबांच्या खणात होता. गावाच्या पाण्याच्या अहवालावर परदेशी तज्ज्ञाची सही लागे. ती नसली तर आकडा नोंदलाच जात नसे. तो तज्ज्ञ म्हणजे आमचे साहेब, बोअरच्या यंत्रांचे माहितगार. परीक्षानळी शाळेत शेवटची धरली होती, असं ते स्वतःच हसत सांगत. त्यांनी नमुना विमानाने आपल्या देशात पाठवला होता.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी चौथ्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुमच्यावर अविश्वास नाही," ते म्हणाले. "पण इथल्या प्रयोगशाळेचा आकडा मुख्य कचेरीत कुणी धरत नाही."

"काचेची भांडी तुमच्याकडून आली. रसायनंही तिकडचीच. मग यात इथलं काय आहे?"

इथली अशी त्या प्रयोगशाळेत मीच होते.

"उत्तर येईपर्यंत हापसा बंद ठेवा," मी म्हणाले.

"दोन वर्षं लोक पाण्यासाठी थांबलेत. आणखी थांबा म्हणून त्यांना तुम्ही सांगणार? एका पिवळ्या नळीवरून?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "उद्या अकरा वाजता संस्थेचे अध्यक्ष येताहेत. आणि बाई, तुमची मुदत जूनमध्ये संपते ना? मुदतवाढीचा कागद मलाच पाठवायचा आहे."

मी प्रयोगशाळेत परत आले.

एका कागदावर मात्र माझी एकटीची सही चाले. दर सोमवारी गोऱ्या अधिकाऱ्यांच्या बंगल्यावरून पाण्याची बाटली येई. मी तपासून गुलाबी कागदावर 'योग्य' किंवा 'अयोग्य' लिहायची आणि तो शब्द अखेरचा असे. त्यासाठी नमुना विमानाने जात नसे, कारण तेवढे दिवस कोण तहानलेलं राहणार? नियमात लिहिलं होतं: परदेशी कर्मचारी व पाहुणे जिथे पाणी पितील तिथलं. उद्याच्या कार्यक्रमपत्रिकेत चौथी ओळ होती, अध्यक्ष हापशाचं पहिलं पाणी पितील. मी गुलाबी कागद टंकयंत्रात घातला, आकडा आणि कारण लिहिलं, 'अयोग्य' लिहिलं, सही केली. एक प्रत अध्यक्षांच्या कागदांना लावली, दुसरी साहेबांना दिली.

सकाळी जीपमध्ये साहेबांनी ती वाचली आणि चार घड्या घालून खिशात ठेवली.

"शेखलाल," ते ड्रायव्हरला म्हणाले, "बंगल्यावरून थर्मास घे. मोठा."

चूक माझी होती. पाणी पाहुण्यांना चालणार नाही म्हटल्यावर हापसा उघडणारच नाही, असं मी धरून चालले होते. पाहुण्यांना बाजूला काढून बाकीचं जसंच्या तसं पार पाडता येतं, हे माझ्या हिशेबात नव्हतं.

बंगल्याच्या दारात शेखलालने थर्मास माझ्या हातात दिला. "पानी खराब हाय व्हय, बाई?"

"तान्ह्या बाळांना."

"मग ह्यो कशाला?" त्याने मागच्या सीटवरच्या साहेबांकडे एकदा पाहिलं. "ह्यात तान्हं कोन हाय?"

वस्तीवर मांडव होता. साहेबांनी मला थर्मास घेऊन मांडवाच्या मागे उभं केलं. काचेचा ग्लास मी तिथे भरायचा आणि तो अध्यक्षांच्या हातात द्यायचा. साखळी काढली. दांडा खाली गेला, वर आला, सातव्या-आठव्या वेळी पाणी पडलं. बायका ओरडल्या नाहीत, नुसत्या पुढे सरकल्या. पाहुण्याला पहिला तांब्या द्यायचा मान सोजरबाईला दिला होता. तिने बाळ कडेवर सावरलं, तांब्या भरला आणि अध्यक्षांपुढे धरला.

अध्यक्षांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी माझ्याकडे. मी ग्लास दिला. अध्यक्ष घोट घेऊन हसले. टाळ्या पडल्या, पण थोड्याच.

सोजरबाईचा हात तसाच पुढे होता. "बाई," ती मला म्हणाली, "आमच्या हातचं त्येस्नी चालत न्हाय व्हय?"

साहेबांना मराठी एवढी समजत नव्हती. मी गप्प राहिले असते तर तिने स्वतःचं उत्तर काढलंच असतं, आणि दुपारी त्या तांब्यात भुकटी कालवली असती.

"तुमच्या हाताचं काही नाही, सोजरबाई," मी म्हणाले. "पाण्यातच दोष आहे. मोठ्यांना एवढा नाही, पण बाळाला हे थेंबभरही द्यायचं नाही. उकळूनही नाही."

"काय सांगताय त्यांना?" साहेबांनी इंग्रजीत विचारलं.

"अध्यक्षांच्या कागदांना लावलंय तेच."

अध्यक्षांनी आपल्या कागदांतून तो गुलाबी कागद काढला. बराच वेळ वाचला. "गावाचा अहवाल कुठे आहे?"

"साहेबांच्या खणात. अठरा दिवस. सहीसाठी."

"याला त्यांची सही लागली नाही?"

"नाही. हा तुमच्यासाठी आहे."

अध्यक्षांनी ग्लास खाली ठेवायला जागा शोधली; ती न मिळाल्याने तो हातातच राहिला. मग त्यांनी साहेबांना हळू आवाजात काहीतरी सांगितलं. साहेबांच्या मानेवर लाली चढली. थोड्या वेळाने शेखलालने पाना आणून दांडाच काढून घेतला.

"मग टँकर?" सोजरबाई म्हणाली. मी ते इंग्रजीत विचारलं. रोज येईल, असं अध्यक्ष सर्वांसमोर म्हणाले, आणि मी ते मराठीत दोनदा सांगितलं. सोजरबाईने थर्मास माझ्याकडून मागून घेतला, बाळासाठी. तांब्यातलं पाणी तिने भिंतीला लिंपायच्या मातीत ओतलं.

परतताना साहेब म्हणाले, "हे मला एकट्याला सांगायला हवं होतं."

"चार वेळा सांगितलं."

सोमवारी बंगल्यावरून बाटली आली. मी तपासली. पाणी चांगलं होतं. गुलाबी कागदावर तसं लिहिलं, सही केली, आणि खाली टंकयंत्रावर एक ओळ वाढवली: परदेशी तज्ज्ञाची सही. तिच्यापुढची जागा रिकामी ठेवून कागद साहेबांच्या खणात नेऊन ठेवला, गावाच्या अहवालावर.

दुपारी बंगल्यावरचा माणूस दोनदा विचारून गेला, पाणी प्यायचं का म्हणून. दोन्ही वेळा मी त्याला खण दाखवला.