लीनाचा पहिला कर

साळुबाईंची सून सरकारला पैसे द्यायला निघाली होती, आणि ते साळुबाईंना काही केल्या पटत नव्हतं.

सुनेचं खरं नाव लेना. थोरला मुलगा आदेश अवसरी खुर्दच्या कॉलेजातून इंजिनियर होऊन जर्मनीला गेला, तिथंच तिच्याशी लग्न केलं, आणि काही वर्षांनी दोघंही अवसरी बुद्रुकला कायमचं राहायला आले. आदेशला पॉलिहाऊस करायचं होतं, तिला त्याच्याबरोबर राहायचं होतं. गावानं पहिल्याच आठवड्यात तिची लीना करून टाकली. तिनं ते नाव हसून घेतलं. शेजारची ठमाबाई तिला भाकरी थापायला शिकवायची. भाकरी नकाशासारखी व्हायची, पण साळुबाई ती आधी आपल्या ताटात घ्यायच्या.

लीना रोज सकाळी माडीवर लॅपटॉप घेऊन बसायची आणि तिकडच्या कंपन्यांची कागदपत्रं एका भाषेतून दुसऱ्या भाषेत करून द्यायची. पैसे तिच्या तिकडच्याच बँकेत जमा व्हायचे. शिवाय आजीनं तिच्या नावावर ठेवलेलं एक लहान घर तिकडं होतं, त्याचं भाडं यायचं. जुलै लागला तसा तिनं आदेशच्या मागं लकडा लावला, इथला कर भरायचाय, माणूस शोध.

ओट्यावर चहा पिताना साळुबाईंचे दीर रामदास म्हणाले, "वहिनी, तिला सांगा, परदेशातलं कुनी बघत न्हाई. एकदा दाखवलं की दोन्हीकडनं कापतील. तिकडंबी अन् इकडंबी. मंग दरसाल नोटिसा."

"मला बी तेच वाटतंय भावजी," साळुबाई म्हणाल्या. "पन ती ऐकंल तवा ना."

शेवटी मंचरला जायचं ठरलं. साळुबाई म्हणाल्या, मीबी येते. मनात हेतू असा की वेळ आली तर हिशेब करणाऱ्यालाच गाठून सांगायचं, बाबा, पोर अजाण हाय, जास्तीचं काही लिहू नको.

हिशेब करणारा म्हणजे जिनेश, मंचरच्या बाजारपेठेतल्या मदनलालशेठचा नातू. आजोबांचं किराण्याचं दुकान खाली, याचं ऑफिस वर. साळुबाईंना बघताच तो उठला. "या मावशी, बसा. खालून चहा सांगतो."

लीनानं सगळं सांगितलं, निम्मं मराठीत, निम्मं इंग्रजीत, अडेल तिथं आदेशनं. जिनेशनं मधे तोंड घातलं नाही. मग विचारलं, "तू आलीस कधी?"

"गेल्या जुलैत."

"तेव्हापासून मार्चअखेरपर्यंत इथंच होतीस? मधे परत गेली नाहीस?"

"नाही."

"म्हणजे वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस तू इथं काढलेस. कायद्यानं तू इथली रहिवासी झालीस. पण नवी रहिवासी. आधीची सगळी वर्षं बाहेर होतीस ना, म्हणून पहिली दोनतीन वर्षं तुझ्या तिकडच्या कमाईवर इथं कर लागत नाही. आजीच्या घराचं भाडं तिकडंच येतं, तिकडंच त्यावर कर भरतेस, तर त्याला आत्ता इथं कर लागू नाही. इथं यायच्या आधी तिकडं जे कमावलंस, त्यालाही नाही."

साळुबाई पुढं सरकल्या. "म्हंजी कसं, नव्या नवरीला पयल्या सालात कुनी कामाला जुंपत न्हाई, तसं?"

जिनेश मोठ्यानं हसला. "अगदी तसंच समजा, मावशी. पण पुढं जुनी झाली की तिकडचं भाडंही इथं दाखवावं लागेल. तेव्हासुद्धा तिकडं भरलेला कर वजा मिळतो. एकाच पैशावर दोनदा भुर्दंड पडत नाही."

साळुबाईंच्या छातीवरचा धोंडा उतरला. भावजींना आज जाऊन सांगायला हवं. तेवढ्यात जिनेश म्हणाला, "मात्र ते माडीवर बसून करतेस ते काम वेगळं. पैसे कुठल्याही बँकेत येऊ देत, काम अवसरीत बसून केलंस, म्हणजे कमाई अवसरीचीच. त्यावर इथं कर भरावा लागेल."

साळुबाईंना वाटलं, हीच वेळ. त्या घसा खाकरून म्हणाल्या, "जिनेशभाऊ, तेवढं नाय लिहिलं तर न्हाई का चालनार? कुनाला कळतंय?"

जिनेश काही बोलायच्या आत लीनाच म्हणाली, "आई, मला भरायचाय. माझा पाय."

"पाय? पायाचं काय?"

लीनानं सलवारीचा काठ जरा वर केला. घोट्यावर तो डाग अजून काळपट होता. साळुबाईंनी मान वळवली. भादव्यात कांदा साठवायच्या बराखीत कांदे निवडायला बसली असताना घोणस चावली होती तिला. साळुबाईंनी पदर फाडून बांधायला घेतला, तर हीच म्हणाली, बांधू नका. गावातल्या भिकानं पिकअप काढली. मंचरच्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता, हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. त्या वाटेवर साळुबाईंनी किती देवांना हाका मारल्या, त्यांचं त्यांना ठाऊक. परक्या मुलखातली लेक, तिच्या आईला काय तोंड दाखवायचं?

डॉक्टरांनी क्षणभर वाया घालवला नाही. इंजेक्शनांमागून इंजेक्शनं दिली. चिमाबाई नावाची नर्स उशाशी बसून राहिली. हिला मराठी कळत नाही म्हणून ती हातवारे करून हसवत होती.

"घरी सोडलं तेव्हा मी विचारलं, बिल किती," लीना शब्द शोधत सांगू लागली. "चिमाबाई हसली. म्हणाली, बिल नाही. मी आदेशला विचारलं, मग ते औषध कोणी विकत घेतलं? तो म्हणाला, सगळ्यांनी. सगळे कर भरतात, त्यातून. आई, मी तेव्हा काहीच भरलं नव्हतं. मला कोणी ओळखत पण नव्हतं. तरी औषध तिथं ठेवलेलं होतं."

चहा घेऊन आलेला माणूस कप तसाच धरून थांबला.

साळुबाईंच्या डोळ्यांना धार लागली. एवढे महिने त्यांनी देवाचे उपकार मानले होते, दवाखान्याचे मानले होते, भिकाच्या पिकअपचे मानले होते. पण त्या औषधात कुणाकुणाचे पैसे असतील, हे त्यांच्या मनाला कधी शिवलंच नव्हतं. पदरानं डोळे पुसून त्या म्हणाल्या, "जिनेशभाऊ, लिवा. समदं लिवा. एक पै बी मागं ठेवू नका."

जिनेशनं मान डोलावली आणि कॉम्प्युटर पुढं ओढला. आदेशनं मोबाईलवरून रक्कम भरली. कर भरल्याचा कागद छापून आल्यावर लीनानं तो दोनदा वाचला, नावापुढं अवसरी बुद्रुक छापलंय ना ते बघितलं, आणि घडी करून पर्समध्ये ठेवला. जिनेशनं फी घ्यायचं नाकारलं. लीना ऐकेना तेव्हा म्हणाला, "मग पुढच्या वर्षीपासून दे. नवीन माणसाला पहिल्या वर्षी सूट."

खाली उतरल्यावर साळुबाई म्हणाल्या, "आदेश, तू गाडी घिऊन ये. आमी कासाराकडं जाऊन येतो."

कासार सुनेकडं बघून म्हणाला, "पावणी कुठली म्हनायची?"

"पावणी न्हाई बाबा," साळुबाई म्हणाल्या. "आमची सून हाय. हिरव्या काढ. चांगल्या."

लीनाचा हात मोठा होता. कासारानं पंजा दाबून एकेक बांगडी चढवली, दोन फुटल्या. तिसऱ्या वेळी साळुबाईंनीच तिचा अंगठा आत धरला आणि विचारलं, "लई दुखतंय का गं?"

"न्हाई आई," लीना म्हणाली. अगदी अवसरीच्या बाईसारखं.