लिहायचं थ्रॅपलथ्वेट, म्हणायचं थ्रॅपिट

सेप्टिमसचं आडनाव लिहायचं थ्रॅपलथ्वेट आणि म्हणायचं थ्रॅपिट. स्कर्लडेलच्या खोऱ्यात हे कोणी कोणाला शिकवत नाही. पोर बोलायला लागलं की मधली अक्षरं आपोआप गिळतं. बाहेरचा माणूस मात्र कागदावर दिसेल ते सगळं वाचायला जातो, मध्येच अडखळतो आणि पाणी मागतो. सेप्टिमसला त्याचा कोण आनंद! आपलं नाव येऱ्यागबाळ्याच्या तोंडात बसत नाही, यातच त्याचा अर्धा मोठेपणा होता. उरलेला अर्धा यात, की सगळ्या इंग्लंडात हे नाव आता एकट्या त्याच्यापाशी उरलं होतं.

निदान तो सांगायचा तसं. पोस्टात सांगायचा, पबमध्ये सांगायचा, दात काढायला गेला तेव्हा तोंडात बोळा असतानाही त्यानं डॉक्टरला सांगितलं होतं. ऐकून ऐकून खोऱ्यातल्या लोकांचे कान किटले होते, पण तोंडावर बोलणार कोण? इथं माणूस मनातलं बोलण्याऐवजी हवेबद्दल बोलतो.

स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या भिंतीवर त्यानं देशाचा नकाशा लावला होता. जिथं म्हणून थ्रॅपिट घराणं नांदून गेलं तिथं टाचणी. आता नकाशा म्हटला की टाचण्या कशा सगळीकडे विखुरलेल्या दिसायला हव्यात. इथं सगळ्या एकाच खोऱ्यात दाटीवाटीनं उभ्या, आणि बाकीचा देश साफ मोकळा. याचं कारण सेप्टिमस मोठ्या अभिमानानं सांगे. थ्रॅपिट मंडळी खोऱ्याबाहेर, खिंड ओलांडून गेली नाहीत असं नाही. शिशाच्या खाणी बंद पडल्या तेव्हा निम्मं खोरं पोटासाठी पलीकडच्या कापडगिरण्यांत गेलं. पण तिथल्या कारकुनांना एवढं लांबलचक नाव लिहायचा कंटाळा. कोणाचं त्यांनी थ्रॅप केलं, कोणाचं थ्वेट्स, एका बिचाऱ्याचं तर नुसतं ट्रिप. माणसं खिंड ओलांडून गेली, नाव अलीकडेच राहिलं. गेलेल्यांना सेप्टिमस पळपुटे म्हणायचा, आणि पळपुट्यांना त्याच्याकडे टाचणी नव्हती.

एकदा फक्त नॉरफोकच्या किनाऱ्यावर थ्रॅपलथ्वेट सापडला होता. फोनच्या पुस्तकात नाव बघून सेप्टिमसची झोप उडाली. सूट घालून, चीजचा गोळा भेट म्हणून घेऊन, तीन गाड्या बदलून तो तिथं पोचला. तर ते एका खानावळीचं नाव निघालं. मालकीण म्हणाली, "काहीतरी जुनंपानं, भारदस्त वाटेल असं नाव हवं होतं हो. कुठल्याशा थडग्यावर वाचलं होतं." तिनं ते सगळ्या अक्षरांसकट म्हणून दाखवलं. सेप्टिमसनं चीज परत आणलं आणि टाचणी उपटली.

त्याची थोरली बहीण डॉर्कस ही गोष्ट दर नाताळला सांगते. सात भावंडांतली ती पाचवी, सेप्टिमस सातवा. बाकीची सगळी देवाघरी गेली. डॉर्कस लग्न होऊन गावातच ऑल्डरसनांच्या घरी पडली, चहाचं दुकान चालवते, आणि भावाची टोपी उडवणं हा तिचा जोडधंदा आहे.

"आपलं घराणं व्हायकिंगांचं," सेप्टिमस म्हणायचा. "थ्रॅपल नावाचा सरदार होता. त्यानं इथलं रान तोडलं. थ्वेट म्हणजे रान तोडून केलेली जागा."

"थ्रॅपल म्हणजे मेंढीचं नरडं," डॉर्कस म्हणायची. "आपल्या आजोबांना विचारलं असतंस तर त्यांनीही सांगितलं असतं. तो वरचा घळईचा मळा बघ, कसा नरड्यासारखा अरुंद आहे. नरड्याच्या मळ्यातले ते आपण. सरदार कसला डोंबलाचा!"

"तू ऑल्डरसन. तुला काय करायचंय?"

"मी लग्नाआधी एकवीस वर्षं काय होते, गाजर?"

सेप्टिमस यावर हवेबद्दल बोलायचा.

तर असा हा माणूस, आणि त्याला एकच मुलगी. रोवीना. तिची आई मार्जरी, ती शाळेत असतानाच वारली. बापलेकीनं एकमेकांना वाढवलं म्हणा. रोवीना पुढे कर्कबेकच्या बाजारात मेंढ्यांचा लिलाव पुकारणारी झाली. आवाज असा खणखणीत, की शेवटच्या कठड्यावर पेंगणारा म्हाताराही दचकून बोली लावायचा. बापाला तिचं भारी कौतुक. पण नकाशावर तिची टाचणी नव्हती. मुलींच्या टाचण्या तो लावतच नसे. लावायच्या आणि लग्न झालं की उपटायच्या, हवेत कशाला ते उद्योग?

आणि रोवीनानं लग्न ठरवलं ते नेमकं स्मिथशी.

नाथन स्मिथ तसा गुणाचा मुलगा. बर्मिंगहॅमचा, कर्कबेकच्या शाळेत गणित शिकवणारा, भांडी न सांगता घासणारा. सेप्टिमसला तो आवडलाही. पण स्मिथ! या देशात दगड भिरकावला तर स्मिथला लागतो. हजार वर्षं या खोऱ्यानं सांभाळलेलं नाव जाऊन त्या गर्दीत विरघळणार, या विचारानं त्याला जेवण गोड लागेना. एकच आशा होती. नवऱ्यानं बायकोचं नाव घेतल्याची एकदोन उदाहरणं त्यानं पेपरात वाचली होती. नाथनला विचारायला काय हरकत होती? काहीच नव्हती. फक्त विचारणं जिवावर येत होतं. म्हणून त्यानं आडून आडून सुरुवात केली.

रविवारी चहाला फळांचा केक आणि चीज मांडून तो म्हणाला, "स्मिथ बरेच असतात, नाही?"

"हो ना. वर्गात आम्ही चौघं होतो," नाथन म्हणाला.

"गर्दी नाही होत?"

"सवय झाली."

"कधी वाटत नाही तुम्हाला, की जरा मोकळ्या जागी जावं?"

नाथननं खिडकीतून बाहेरच्या डोंगराकडे बघितलं. "म्हणून तर इकडे बदली मागून घेतली," तो म्हणाला आणि केकचा आणखी एक तुकडा घेतला.

डॉर्कस केटलीमागे तोंड लपवून हसत होती. नाथन गेल्यावर ती भावाला म्हणाली, "सेप, सरळ विचार की त्याला."

"सरळ? तो काय म्हणेल?"

"हो म्हणेल नाहीतर नाही म्हणेल. आणि त्याच्याआधी पोरीला विचार."

"तिला काय विचारायचं? तिचं ठरलेलंच आहे," सेप्टिमस म्हणाला. मुली लग्न करतात, नाव बदलतात. त्यात विचारण्यासारखं काही असतं हे त्याच्या डोक्यातही आलं नाही.

लग्न देवळात करायचं तर आधी तीन रविवार पुकारा होतो. पाद्री दोघांची नावं वाचतो आणि विचारतो, कोणाला हरकत आहे का? कोणाला कधीच नसते. लोक तेवढ्यात प्रार्थनेचं पुस्तक चाळून घेतात. नवरीनं मात्र आपला पुकारा स्वतः ऐकायचा नसतो. ऐकला तर पोरं बहिरी निपजतात असं डॉर्कस सांगते, आणि डॉर्कसला उलट बोलायची रोवीनाचीसुद्धा छाती नाही. म्हणून पहिल्या रविवारी ती घरीच राहिली.

पाद्रीबाई नवीन होत्या, दक्षिणेकडच्या सरे परगण्यातून आलेल्या, फिलिपा नावाच्या. गोड स्वभाव, स्वच्छ उच्चार. त्यांनी कागद उचलला आणि "रोवीना थ्रॅपलथ्वेट" असं अक्षरन् अक्षर सुटं करून वाचलं, ते "थ्वेट" तर छतापर्यंत गेलं.

देवळात लोकांनी एकमेकांकडे बघितलं. मग मागच्या बाकावरचे आजोबा शेजारणीला म्हणाले, "ही कोण बाई लग्न करतेय?"

"काय की. बाहेरची दिसते."

सेप्टिमसच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आता कोणीतरी बाईंना सांगायला हवं होतं. दारात हात मिळवताना सगळे एकेक करून पुढे आले, सगळ्यांनी प्रवचन छान झालं म्हणून सांगितलं, आणि नाव कोणीच काढलं नाही. नवीन माणसाची चूक काढायची कशी, नाही का? सेप्टिमसही हवा चांगली पडली आहे एवढंच म्हणाला.

दुसऱ्या रविवारी बाईंचा आत्मविश्वास वाढला होता. या खेपेला त्यांनी नावाला थोडी चालही लावली. सेप्टिमस मूग गिळून बसला, पण आठवडाभर घरात घसा खाकरत हिंडला. डॉर्कसनं ते खाकरणं ऐकलं आणि भाचीला फोन लावला. "तिसऱ्या पुकाऱ्याला ये. पोरं बहिरी झाली तर बघू. तुझा बाप काहीतरी करणार आहे."

तिसऱ्या रविवारी रोवीना उशिरा येऊन मागे, दाराशी नाथनजवळ बसली. सेप्टिमसला ते दिसलं नाही. तो पहिल्या बाकावर, गळ्यात टाय, मान ताठ.

"नाथन स्मिथ," पाद्रीबाईंनी वाचलं, "आणि रोवीना थ्रॅ-पल-थ्वेट. पुकारा तिसरा आणि शेवटचा. या दोघांच्या विवाहाला कोणाची कायदेशीर हरकत असेल, तर त्यानं आता सांगावं."

"आहे," सेप्टिमस म्हणाला आणि उभा राहिला.

आपण काय केलं हे त्याला उभं राहिल्यावर कळलं. सगळं देऊळ त्याच्याकडे बघत होतं. ऑर्गनवाल्या बाईचं कोपर पट्ट्यांवर पडलं आणि एक लांब भेसूर सूर निघाला. पाद्रीबाईंनी कागद उलटून मागे काही लिहिलंय का बघितलं. असं काही घडलं तर काय करायचं हे त्यांना शिकवलं होतं, पण ते घडेल असं कोणी सांगितलं नव्हतं.

"आपण... नवरीचे वडील ना?"

"हो."

"आपली हरकत आहे? विवाहाला?"

"नावाला," सेप्टिमस म्हणाला.

"कोणत्या नावाला?"

इथं त्यानं "तुम्ही चुकीचं म्हणता, ते थ्रॅपिट असं म्हणतात" एवढं बोलून खाली बसायचं होतं. घरून तेवढंच ठरवून आला होता. पण महिनोन्‌महिने गिळलेलं एकदम वर आलं.

"दोन्ही!" तो म्हणाला. "एक तुम्हाला म्हणता येत नाही आणि दुसरं मला सहन होत नाही. ते थ्रॅपिट आहे, बाई. थ्रॅपिट! आणि तुम्ही नीट शिकेपर्यंत ते उरणारही नाही, कारण पोरगी स्मिथ होणार. पोरगा चांगला आहे, माझी काही तक्रार नाही. पण मी गेलो की संपलं. खोऱ्यात दुसरा कोणी नाही. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं."

एवढं उघड बोलणं या देवळात अनेक वर्षांत झालं नव्हतं. लोकांनी माना खाली घातल्या. कोणीतरी नाक शिंकरलं.

"बाबा."

लिलावाचा आवाज तो. दोनशे मेंढ्यांवरून जाणारा. सेप्टिमस वळला. रोवीना दाराशी उभी होती आणि तिचे डोळे भरलेले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"मी नाव बदलणार आहे असं तुम्हाला कोणी सांगितलं?"

सेप्टिमसचं तोंड उघडं राहिलं. "कोणी म्हणजे... लग्न..."

"मला विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय?"

"बाजारात शेतकरी म्हणतात, मेंढ्या थ्रॅपिटकडे द्या, भाव बरा येतो. ते कोणाबद्दल बोलतात? तुमच्याबद्दल? तुम्ही आयुष्यात एक मेंढी विकली नाहीत, पोस्टात होतात. सगळ्या जगाला सांगत फिरता, खोऱ्यात एकच थ्रॅपिट उरलाय. तेहतीस वर्षं मी तुमच्यासमोर बसून जेवतेय, बाबा. मी कोण आहे?"

सेप्टिमसला हवेबद्दलचंही एक वाक्य सुचेना.

नाथननं शाळेतल्या मुलासारखा हात वर केला. "माझी काही हरकत नाही," तो म्हणाला. "मी स्मिथच राहतो. आम्ही एक कमी झालो तरी कोणाला कळणार नाही आणि राहिलो तरी कळणार नाही."

"आणि पोरांचं काय?" सेप्टिमसच्या तोंडून गेलंच.

"पोरांना विचारू," रोवीना म्हणाली. "तुम्ही मला न विचारता ठरवलंत, तसं आम्ही करणार नाही."

"आधी पुकारा तर पुरा होऊ दे रे, सेप," डॉर्कस शेजारून म्हणाली आणि त्याच्या कोटाचं टोक धरून त्याला खाली ओढलं. "आणि थोरल्या बहिणीलाही मोज. म्हणजे थ्रॅपिट तीन झाले."

पाद्रीबाई पाणी प्यायल्या. मग त्यांनी कागद पुन्हा उचलला, डोळ्यांसमोर धरला, नको म्हणून खाली ठेवला, आणि न बघता म्हणाल्या, "नाथन स्मिथ आणि रोवीना थ्रॅपिट." बरोबर आलं. मागचे आजोबा म्हणाले, "अगं, आपली रोवीना होय! मग सांगायचं नाही का आधी."

प्रार्थना संपल्यावर सगळे नेहमीपेक्षा लगबगीनं बाहेर पडले. घडलं त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ऊन पडलंय, ऊन पडलंय, एवढंच चाललं होतं. सेप्टिमस सगळ्यांत शेवटी निघाला. दाराशी रोवीना पाद्रीबाईंशी बोलत होती. त्याला वाटलं तिच्या पाठीवर हात ठेवावा, पण तेवढं धाडस एका दिवसात दोनदा जमेना, म्हणून तो नुसता तिच्याजवळ उभा राहिला. तिनंच त्याच्या हातात हात घातला.

पाद्रीबाई ओशाळून पुढे झाल्या. "मला माफ करा हं. आता चुकणार नाही. तुम्हीच ना ते, ज्यांच्याबद्दल सगळे सांगतात? खोऱ्यातले थ्रॅपिट?"

इतकी वर्षं तो ज्या प्रश्नाची वाट बघत असायचा तो हाच. सेप्टिमसनं छाती पुढे काढली, तोंड उघडलं, आणि मग लेकीकडे बघितलं.

"थ्रॅपिट ही," तो म्हणाला. "मी हिचा बाप."