झिजलेल्या पटाश्या

संग्रहालयाचा कारकून मुरोई हौसेनं काचपेटी दाखवू लागला आणि इशिनोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काचेवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव तिच्या नवऱ्याचं: ‘देवळाचं महाद्वार उभारणारे सुतार, कै. तोकुमात्सु.’ आणि खाली मांडलेल्या दहा लांबसडक, लखलखीत पटाश्या तिच्या दिराच्या, कानेजीच्या!

कानेजीची हत्यारं झिजणार तरी कशी? चाळीस वर्षं त्यानं साके दारूच्या पेल्याशिवाय काही उचललं नव्हतं.

“ह्यांच्या पटाश्या मी दिल्या होत्या, त्या कुठायत?”

मुरोईनं टेबलाखालून एक खोकं ओढलं. “आजी, ही थोटकं लोकांना काय दाखवायची? बोटभरही पातं उरलं नाही. कानेजींनी त्यांच्या दिल्या म्हणून निभावलं.”

“वहिनी, घरचंच आहे ना सगळं,” तिच्यामागे उभा असलेला कानेजी ओशाळं हसला. “नाव तर दादाचंच लागतंय.”

“तुम्ही गप्प बसा, भावोजी! यातल्या एकीनं तरी त्या द्वाराच्या लाकडाला खाच पाडली का? सांगा की!”

कानेजी छताकडे बघू लागला.

“अहो साहेब, रोज दगडावर धार लावायची, रोज पातं केसभर कमी व्हायचं. नऊ वर्षं चाललं ते काम. ज्यानं घाम गाळला त्याची हत्यारं झिजून संपली, आणि ज्यानं माशा मारल्या त्याची तुमच्या काचेत बसली! लाज नाही वाटत?”

मुरोईचाही आवाज चढला. “बघणाऱ्याला कळायला नको? पेटीत ह्याच राहतील. पटत नसेल तर नाव काढतो.”

इशिनो थबकली. महाद्वारावर देणगीदाराचं नाव कोरलं होतं, पुजाऱ्याचंही होतं. तोकुमात्सुचं कुठेच नव्हतं. त्या एका नावासाठी तिनं अकरा वर्षं या कचेरीत खेटे घातले होते. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

“काढा,” ती म्हणाली.

मुरोई चुळबुळला. मग तिनंच टेबलावरचा कुंचला शाईत बुडवला आणि नवऱ्याचं नाव काळं करायला घेतलं. शेवटच्या अक्षरापाशी हात अडला. तिनं तेही काळं केलं.

“खोट्याला त्यांचं नाव मिळणार नाही,” ती कानेजीकडे बघत म्हणाली.

खोकं काखोटीला मारून ती बाहेर पडली आणि भर रस्त्यात संतापानं रडू लागली.