हळदीचा निळा ड्रम

मी एक जुना निळा ड्रम आहे, मित्रांनो, आणि आगरदांड्याजवळच्या आमच्या गावात मला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही. लोणच्याच्या कैऱ्या पोटात घेऊन बोर्ली पंचतनच्या बाजारात आलो, तिथून दयारामदादांनी मला घरी आणलं. मग काय, गावातल्या प्रत्येक हळदीत मीच! माझ्यात बर्फ आणि बाटल्या. आमच्याकडे हळदीला दारू कमी पडली की यजमानाचं नाक कापलं जातं. "काय गार ठेवलीय!" हे ऐकून मी फुगून जायचो. हळद आटोपली की मात्र परसात पडून राहायचो, पावसाचं पाणी नि डास सांभाळत.

यंदा दादांच्या लेकीची, प्राप्तीचीच हळद आली आणि नेमका दारूवरचा कर वाढला. दादा भडकले.

"सरकारला आमचाच खिसा बरा दिसतो!"

"दिसणारच, बाबा," मला घासता घासता प्राप्ती म्हणाली. "महाग झाली तरी पिणारे लगेच सोडत नाहीत, म्हणून तिजोरी भरते. पण पिऊन कुणी ट्रक ठोकला, की सरकारी दवाखान्याचा खर्च न पिणाऱ्यांच्याही पैशातून जातो ना? मग पिणाऱ्यांनी थोडा जास्त भरावा. आणि महाग असली की नव्या पोरांचा हात आखडतो."

"मग मी खाडीपलीकडची हातभट्टी आणतो. तिला कर न्हाय!" दादांनी मला टेम्पोत चढवलं.

ओट्यावर दादांचे मेहुणे धाकूमामा बसले होते. अशीच स्वस्त दारू एका हळदीत प्यायले आणि दोन्ही डोळे गमावून बसले. ते चाचपडत टेम्पोपाशी आले.

"दयाराम, मी प्यायलो तिच्यावर पण कर नव्हता रे," ते म्हणाले. "किंमत मात्र व्हती."

दादा टेम्पोच्या कडेला टेकले. "पण गाव काय म्हणल?"

"म्हणू दे!" त्यांची बायको सोनूबाई कडाडली. "माझा भाऊ भाचीची हळद बघू शकत न्हाय. अजून कुणाच्या भावाची पाळी नको."

हळदीला माझ्यात कोकमाचं सरबत भरलं. काहींनी नाकं मुरडली, दोघंतिघं उठूनही गेले. बाकीचे बेंजोवर घामाघूम होईपर्यंत नाचले, आणि बायकापोरं पहिल्यांदाच माझ्याभोवती जमली. मला तर रडूच आलं.

"प्राप्ती, हळद शोभते का गं तुला?" धाकूमामांनी विचारलं. तिनं त्यांचा हात धरून आपल्या माखलेल्या गालावर ठेवला.

"बघा ना, मामा."

मित्रांनो, मला आता परसात टाकू नका. घासा, पुसा, सावलीत ठेवा. शेजारच्या साक्षीची हळद तोंडावर आली आहे, आणि तिच्या वडिलांनी मला आत्ताच मागून ठेवलंय, सरबतासाठी.