सर्व्हिसिंगच्या दिवशीचा मालक

"सुटला का रे?"

"थांब मरे. शेवटचो बोल्ट रुसान बसलो हा," गाडीच्या आतून आवाज आला.

आवाज खंडू परबचा होता. बाहेर दिसत होते ते फक्त त्याचे पाय; बाकीचा खंडू स्टिअरिंगच्या खाली उताणा पडून पान्याशी झटापट करत होता. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चंद्रप्रकाश वाघमारे सुटलेले बोल्ट वाटीत जमा करत होता. पंतनगरातल्या त्यांच्या सोसायटीला हा देखावा नवा नव्हता. गाडी चंद्रप्रकाशची, आणि तिच्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी हा कार्यक्रम ठरलेला असे.

काढायचं होतं ते काय, तर एक दांडा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चंद्रप्रकाशच्या डाव्या पायात जोर नव्हता, आणि क्लच तर डाव्या पायानेच दाबावा लागतो. ऑटोमॅटिक गाडी परवडणारी नव्हती. म्हणून गाडी घेतल्या घेतल्या त्याने कुर्ल्याच्या एका गॅरेजात हाताने क्लच दाबायचा दांडा बसवून घेतला होता. डावा हात दांड्यावर आणि गिअरवर, उजवा हात स्टिअरिंगवर. आरटीओत रीतसर नोंद केली, लायसन्स काढलं, सगळं अगदी कायदेशीर. फक्त निघताना गॅरेजवाल्याने कानात सांगितलं, "सर्व्हिसिंगला नेताना हा काढून ठेवा, साहेब. बाहेरचं फिटिंग दिसलं की कंपनी वॉरंटी उडवते."

गाड्यांना काहीबाही बसवून घेणाऱ्या सगळ्यांनाच हा सल्ला मिळतो. मग सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी कोणी मोठा हॉर्न काढून ठेवतं, कोणी झगमगते दिवे. पाहुणे यायच्या आधी आपण पसारा पलंगाखाली सारतो, त्यातलाच प्रकार. पण दिवे काढले तरी बाकीच्यांच्या गाड्या चालतात. चंद्रप्रकाशची गाडी दांडा काढला की त्याच्यापुरती बंद. त्यामुळे ती सर्व्हिस सेंटरला न्यायचं काम खंडूकडे आलं. खंडू माहुलच्या एका कंपनीतून फिटर म्हणून रिटायर झालेला, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहणारा आणि रिकामपणाला कंटाळलेला. तो आनंदाने जायचा.

पहिल्याच खेपेला काउंटरवरच्या सुयोग नावाच्या मुलाने त्याला "या, चंद्रप्रकाश सर" म्हणून एसीत बसवलं आणि चहा दिला. खंडूने त्याची चूक सुधारली नाही. घरी येऊन त्याने हे सांगितलं तेव्हा दोघं पोट धरून हसले, आणि मग ते तसंच राहिलं. सर्व्हिसिंगच्या दिवशी खंडू इस्त्रीचा शर्ट घालून मालक व्हायचा.

"बाकीच्या दिवशी मालक कोण ते एकदा ठरवा," चंद्रप्रकाशची बायको माधुरी म्हणायची. "मला भाजी किती जणांची करायची ते कळू दे."

पण हे हसणं अलीकडे जरा कमी झालं होतं, कारण स्टिअरिंगने दगा द्यायला सुरुवात केली होती. गाडी अर्धा-पाऊण तास चालली की ते जड व्हायचं. एकदा विक्रोळीजवळ हायवेवरून उतरताना वळण पुरतं घेताच आलं नाही. मागून येणारा टेम्पोवाला शहाणा निघाला आणि त्याने ब्रेक मारला, म्हणून निभावलं. माधुरी शेजारी बसली होती. दुसऱ्या दिवसापासून चंद्रप्रकाशने गाडीची किल्ली खिळ्यावर टांगली आणि तो रिक्षाने पोस्टात कामाला जायला लागला. खंडू त्याआधीच गाडी दोनदा दाखवून आला होता. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळालं: स्टिअरिंग नॉर्मल आहे, सर.

आता ही तिसरी खेप. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खंडू गाडी घेऊन परत आला तो खांदे उडवतच.

"नॉर्मल म्हणतत. आणि खरा सांगू, माका पण लोण्यासारखा फिरता."

चंद्रप्रकाश विचारात पडला. "तू दोन्ही हातांनी फिरवतोस?"

"मग काय दातांनी फिरवू?"

"चल," चंद्रप्रकाश म्हणाला. "ठाण्यापर्यंत जाऊन येऊ. तूच चालव. येताना सांगतो तेव्हा एक हात काढ."

परतीच्या वाटेवर, गाडी चांगली तापल्यावर, खंडूने डावा हात मांडीवर ठेवून वळण घ्यायचा प्रयत्न केला आणि घाबरून तो पुन्हा स्टिअरिंगवर टाकला. "आयच्यान," तो म्हणाला. "दगड झालो ह्येचो."

दोष होता, पण तो फक्त एका हाताने गाडी चालवणाऱ्यालाच जाणवत होता. आणि त्या सर्व्हिस सेंटरच्या लेखी एका हाताने गाडी चालवणारं कोणी अस्तित्वातच नव्हतं.

"मग आता दांड्यासकट न्या," माधुरीने रात्री जेवताना निकाल दिला. "आणि तुम्ही स्वतः न्या."

"वॉरंटी गेली तर? स्टिअरिंग हलकं करणारी मोटार काय स्वस्तात येते? मग गाडी तशीच उभी राहील, माधुरी."

"आत्ता कुठे धावतेय?"

पण चंद्रप्रकाशला नुसती वॉरंटीचीच धास्ती नव्हती, आणि हे माधुरीलाही ठाऊक होतं. पोस्टाच्या काउंटरमागे त्याची आजवरची सगळी नोकरी झाली होती. रोजच्या गिऱ्हाइकांना तो छातीपासून वर माहीत होता: हसतमुख, चटपटीत, सुटे पैसे देताना न कुरकुरणारा. कधी जेवणाच्या सुट्टीत तो बाहेर आला की त्यांच्या नजरा खाली जायच्या आणि आवाज उगाचच मऊ व्हायचा. तो मऊ आवाज त्याला अजिबात सोसत नसे. गाडीत बसल्यावर मात्र तो जगाला पुन्हा छातीपासून वर दिसायचा, आणि सिग्नलला कोणी शिवी घातली तरी ती बाकीच्यांना घालतात तशीच रोखठोक असायची. गाडीने त्याला हे सुख दिलं होतं, आणि तेच आता पणाला लागलं होतं.

शनिवारी खंडूने दांडा पुन्हा बसवला आणि दोघं भांडुपच्या सर्व्हिस सेंटरला गेले. गाडी चंद्रप्रकाशने चालवली, जपून, सगळा वेळ डाव्या लेनने.

सुयोग लगबगीने पुढे आला आणि खंडूकडे बघून हसला. "या, चंद्रप्रकाश सर. आज ड्रायव्हर आणलात वाटतं."

खंडू गडबडला. घसा साफ करून त्याने बोट दाखवलं. "चंद्रप्रकाश ह्यो. मी खंडू."

"म्हणजे?"

"म्हणजे आजवर मी त्येच्या नावाची चाय पियालंय."

सुयोगला काही उलगडेना. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "एक मिनिट, काका. गाडी नक्की कोणाची आहे?"

"माझी," चंद्रप्रकाश म्हणाला. त्या दारात हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता.

मग त्याने सगळं सांगितलं. सुयोगने गाडीत वाकून दांडा पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "सर, हे आउटसाइड फिटिंग आहे. असं नाही चालत. तुम्ही आधी हे काढून आणा, मग आपण टेस्ट ड्राइव्ह घेऊ."

"काढतो ना. मग टेस्ट ड्राइव्हला मी चालवू कशाने?"

एवढ्यात लोक बघायला लागले होते. शेवटी सुयोग डावीकडच्या सीटवर बसला, पट्टा लावला आणि वरची कडी घट्ट धरली. मागे खंडू.

ऐरोलीच्या पुलापर्यंत सुयोगची नजर दांड्यावरून हलली नाही. मुलुंडला त्याने कडी सोडली. मुलुंडच्या पुढे गेल्यावर तो चक्क म्हणाला, "सर, तुम्ही माझ्यापेक्षा बरी चालवता यार." मग एकदम ओशाळला. "सॉरी, सर."

"सॉरी कशाला? आता बघ," चंद्रप्रकाश म्हणाला आणि त्याने पुढच्या एका पुलाखालून वळायला घेतलं. अर्ध्या वळणात स्टिअरिंग आवळलं. उजव्या हाताची शीर तटतटली, गाडी रुंद वळसा घेत कशीबशी कडेला आली. तिथे ती थांबवून त्याने कपाळ पुसलं.

"आता तू बस. डावा हात मांडीवर ठेव."

सुयोग बसला. मोकळ्या सर्व्हिस रोडवर त्याने एक वळण घेऊन पाहिलं, मग दुसरं. गाडी थांबवून त्याने इंजिन बंद केलं.

"जड आहे हो, सर. तुम्ही अशी चालवत होता?"

"आता नाही चालवत. रिक्षाने जातो."

वर्कशॉपची मॅनेजर उत्तरा नावाची एक उंच बाई होती. तिने कोणाचं काही न ऐकता आधी हातमोजे घातले, टॉर्च घेतला आणि गाडीत डोकं घातलं. चंद्रप्रकाश बाहेर बाकावर बसून राहिला. लहानपणी डॉक्टर पाय तपासायचे तेव्हा आई दाराबाहेर जशी बसायची, तसा. खंडू दोन वेळा पुढे जाऊन आला. बोल्ट त्याने आवळले होते आणि आता ते तपासले जात होते.

बऱ्याच वेळाने उत्तरा बाहेर आली. "हे बघा, काका. क्लच किंवा गिअरबॉक्सला काही झालं तर आम्ही वॉरंटी देणार नाही. तिथे तुमचा दांडा लागलाय. ते लिहून द्यावं लागेल."

"देतो. आणि स्टिअरिंग?"

"दांड्याचा आणि स्टिअरिंगचा काही संबंध नाही. मोटार आतून गेलीय. ती वॉरंटीत बसते."

"पण गॅरेजवाला म्हणाला होता, सगळीच वॉरंटी जाते."

"सगळे तेच म्हणतात. आम्हाला विचारायला कोणी येतच नाही." मग ती जराशी हसली. "पहिल्याच खेपेला तुम्ही स्वतः आला असतात, तर तेव्हाच झालं असतं की."

"तर तर," मागून खंडू म्हणाला, "आणि मग माका कोण सर म्हणालो असतो?"

यावर उत्तरासुद्धा मोठ्याने हसली. चंद्रप्रकाश हसला, पण आतून त्याला चांगलंच लागलं होतं. आपल्याला कोणी लपायला लावलं नव्हतं, आपणच लपत होतो, आणि त्या लपण्यापायी त्या दिवशी माधुरीचा जीव धोक्यात घातला होता. घरी गेल्यावर त्याने तिला हे असंच सांगितलं. ती म्हणाली, "कळलं ना? मग पुरे," आणि तिने चहा टाकला.

मोटार यायला आठवडा लागला. गाडी आणायला दोघं पुन्हा गेले तेव्हा सेंटर गिऱ्हाइकांनी भरलं होतं. काचेपलीकडे लोक सोफ्यांवर बसून टीव्ही बघत होते. सुयोग धावत आला. या वेळी तो नीट चंद्रप्रकाशकडेच आला, आणि खंडूचे हात उगाचच शर्टाची इस्त्री सारखी करत राहिले.

"सर, तुम्ही आत बसा. मी गाडी दारात आणतो."

"कुठे लावलीय?"

"ती काय, मागच्या शेडमध्ये. लांब आहे, सर."

"असू दे. मी येतो तिकडे."

तो निघाला. प्रत्येक पावलाला डावा हात गुडघ्यावर दाबत, त्याच्या नेहमीच्या चालीने, काचेसमोरून, सोफ्यांसमोरून, उघड्या बॉनेटांत वाकलेल्या मेकॅनिकांसमोरून. टीव्हीवरच्या काही नजरा वळल्या. त्याने घाई केली नाही. सुयोगने आपली चाल हळू केली आणि खंडू दोन पावलं मागे राहिला. शेडमधल्या वॉचमनने सवयीने खंडूला सलाम ठोकला आणि त्याच्यासाठी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. खंडूने मानेने पुढे चंद्रप्रकाशकडे खूण केली, वळसा घालून तो दुसऱ्या बाजूला गेला आणि दाराशी उभा राहिला.

चंद्रप्रकाश आधी सीटवर टेकला. मग त्याने दोन्ही हातांनी डावा पाय उचलून आत ठेवला, सगळ्यांच्या देखत, आणि दार लावून घेतलं.