पडद्यावरचा महिपती

पडद्यावर दरड कोसळली, त्यातला एक धोंडा चेंडूसारखा उसळला आणि लोणावळ्याचं पत्र्याचं थेटर खो खो हसलं. आत कापूस भरलाय हे आंधळ्यालाही कळलं असतं. एकटा अल्लाबक्ष हसला नाही. वीस वर्षांपूर्वी खरा धोंडा त्यानं पहारीनं हलवून पाहिला होता, आणि त्याखाली त्याचा जोडीदार महिपती होता.

दोघं घाटात रेल्वेच्या रुळांवर कामाला होते. त्या सकाळी महिपतीनं लाल बावटा घेऊन धावत जाऊन गाडी थांबवली आणि स्वतः मात्र दरडीत सापडला. आता त्याच्यावर बोलपट निघाला होता. कसला मेला महिपती! डोक्याला जरीचा फेटा, ओठांना लाली, आणि मरताना "मुक्ते, मुक्ते" असा टाहो.

ते नाव तेवढं खरं होतं. बाकी काहीही दाखवा, एवढं नाव घालू नका, असं अल्लाबक्षनं हकिगत विचारायला आलेल्या बोलपटाच्या लेखकाला बजावलं होतं. त्या शहाण्यानं ते पडद्यावरच्या बायकोचंच नाव करून टाकलं. महिपतीची बायको रतनबाई, शेजारीच बसलेली. तिला अल्लाबक्षनं सांगितलं होतं, जागीच गेला. मरता माणूस भलत्याच बाईला हाका मारत होता, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

खेळ सुटला. रतनबाईचा मुलगा अंबाजी स्टेशनापर्यंत तणतणत आला.

"समदं खोटं! आन् आयचं नावसुदिक बदललं. रतनची मुक्ता केली!"

"चुकलंच त्यांचं," अल्लाबक्ष घाईनं म्हणाला.

अंबाजी तिकिटं काढायला गेला. रतनबाई बाकड्यावर बसली.

"भाऊ, मुक्ता माजं माहेरचं नाव. लगनात बदललं. पोराला बी ठावं न्हाई. ह्ये मातुर कुनी नसलं की त्याच नावानं हाक मारायचे."

वीस वर्षं अल्लाबक्षनं जे तिच्यापासून लपवलं, ते तिचंच होतं. त्याला स्वतःची लाज वाटली.

कामशेतकडं जाणारी गाडी फलाटाला लागली. रतनबाई उठली नाही.

"तुमी म्हनला व्हता, जागीच गेले."

"वयनी..."

"किती येळ हाका मारत व्हते?"

अल्लाबक्षनं मान खाली घातली.

"दीस मावळस्तवर."