गुरुवार यायच्या आधी

मित्रांनो, डोळे मिटा आणि एक लहानशी नाव मनात आणा. दोन्ही टोकं वर उचललेली, तुमच्या दोन हातांच्या कवेत मावेल एवढी. तिच्यात माणसं बसत नाहीत आणि पाण्यात ती कधी उतरलेली नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरीला बांबूच्या एकवीस पट्ट्या टांगल्या आहेत. आता समजा, कोणी दोन काठ्या घेऊन त्या पट्ट्यांवर हळूच ठोके दिले. आला का आवाज? तो माझा. मी एक जुना रनात आहे.

माझा बांबू मे क्लोंग नदीच्या काठचा. कारागिराने तो तीन वर्षं चुलीवर धुरात टांगला, मग चिरला, तासला आणि प्रत्येक पट्टीच्या पोटाला मेण नि शिसं यांचा गोळा चिकटवला. गोळा जड झाला की सूर उतरतो, हलका झाला की चढतो. आमच्याकडचं ऊन असं, की दुपारपर्यंत मेण मऊ होऊन गळू लागतं. म्हणून रनात वाजवणाऱ्याने बसल्या बसल्या आधी त्याची तब्येत विचारायची असते.

मी एका शाळेत लागलो. काही वर्षं मुलांनी मला वाजवलं, पाहुण्यांनी टाळ्या दिल्या. मग शाळेत विजेवर चालणारी वाद्यं आली आणि माझी रवानगी सामानाच्या खोलीत झाली. तिथे मी अकरा वर्षं होतो. माझ्यावर खडूंची खोकी रचलेली. एका मांजरीने माझ्या पोकळीत दोनदा पिल्लं घातली. खरं सांगू? त्या दोन वेळा मला बरं वाटलं होतं.

मला बाहेर काढलं ते ख्रू थाविल यांनी. ख्रू म्हणजे गुरुजी. ते निवृत्त झाले होते आणि गावातल्या विहाराच्या ओसरीवर सहा मुलांना संगीत शिकवत होते. फुकट शिकवत, पण एक अट होती. ते पहिल्याच दिवशी सांगत, "सोमवार ते शनिवार तुमचा. रविवार तुमचा नाही."

रविवारी आम्हा वाद्यांना पिकअपच्या हौद्यात घालून सगळे सरकारी दवाखान्यात जात. तिथे म्हाताऱ्या रुग्णांचा एक वॉर्ड होता. कित्येकांना भेटायला कोणीच येत नसे. मुलं मऊ टोकांच्या काठ्या घेत, म्हणजे कोणाच्या डोक्यात आवाज जाऊ नये, आणि तासभर वाजवत. त्या रुग्णांतलं कोणी गेलं आणि वादक बोलवायला मागे कोणी नसलं, तर हीच मुलं विहारात येऊन त्याच्या चितेपाशीही वाजवत.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो. मोठी रचना नुसती ऐकून वाजवायची नसते. गुरू शिष्याच्या मागे बसतात, त्याचे दोन्ही हात आपल्या हातात धरतात आणि पहिले सूर तीनदा वाजवून घेतात. मग ती रचना शिष्याला दिली असं होतं. आणि हे फक्त गुरुवारी. यात ख्रू थाविल तसूभरही सूट देत नसत.

ढोल वाजवणारा तेम एकदा शनिवारीच फुलं घेऊन हजर झाला.

"ख्रू, शनिवारी हाताला काय होतं?"

"हाताला काही होत नाही रे. डोकं बघायचं असतं. पाच दिवस थांबायची अक्कल आलीय का त्यात."

"आणि नसेल आली तर?"

"तर ढोल वाजवायचा."

सगळे हसले. सर्वांत जास्त हसली ती मुक. चौदा वर्षांची, माझ्यामागे बसणारी. तिला ख्रूंनी एकेक करत सगळं दिलं होतं. फक्त निरोपाची रचना उरली होती. चितेला अग्नी देताना वाजते ती. ती रचना ख्रू स्वतः वाजवत. कधी थकून बसले की म्हणत, "माझ्या वेळी ही तू वाजवायची, मुक. दुसऱ्या कोणाची मला सवय नाही."

त्या उन्हाळ्यात ख्रूंना झटका आला. डावं अंग गेलं. त्यांना आणलं ते त्याच वॉर्डात, याय लामाईंच्या शेजारच्या खाटेवर. याय म्हणजे आजी. ही आजी चार वर्षं तिथे होती आणि तिला सगळ्यांच्या खोड्या ठाऊक होत्या.

रविवारी मुलं आली, नेहमीसारखी वाजवू लागली. ख्रू पहिल्यांदाच आडवे पडून ऐकत होते.

"काय ख्रू," याय लामाई म्हणाली, "उताणं पडलं की चुका जास्त ऐकू येतात की नाही? मी चार वर्षं ऐकतेय."

ख्रू अर्ध्या तोंडाने हसले. वाजवून झाल्यावर त्यांनी मुकला जवळ बोलावलं. मला त्यांच्या खाटेला लागून ठेवायला सांगितलं. उजवा हात त्यांनी कसाबसा माझ्या कडेवर आणून टेकवला.

"काठ्या घे. एका हाताने धरतो. चालेल तेवढं."

मुक गोंधळली. "ख्रू, आज रविवार आहे."

त्यांनी हात माझ्या कडेवरून काढला नाही.

"गुरुवारी येते ना मी. फुलं, उदबत्ती, सगळं घेऊन. नीट करू. तुम्हीच सांगता ना, नीट करायचं म्हणून."

ख्रूंनी तिच्याकडे बघितलं. त्यांना हो म्हणायचं होतं की नाही, मला कळलं नाही. पण शिष्या त्यांचीच होती. जे त्यांनी शिकवलं तेच ती बोलत होती.

"बरोबर," ते म्हणाले. "गुरुवारी ये."

त्यांनी हात उचलला. मित्रांनो, तो हात किती हलका झाला होता, हे फक्त मला माहीत होतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो, मुक, आत्ता, आत्ताच. पण मला कोणी वाजवल्याशिवाय बोलता येत नाही.

ख्रू थाविल बुधवारी सकाळी गेले. निरोप आला तेव्हा मुक दारात बसून उद्यासाठी मोगऱ्याचा हार ओवत होती.

सोमवारी विहारात त्यांची चिता रचली. सगळा गाव आला होता. नदीपलीकडचे लुंग चुआय आले होते, लुंग म्हणजे काका, ऐंशी वर्षांचे, ख्रूंच्याच गुरूंचे शिष्य. त्यांच्या हातांना आता काठ्या पेलत नसत. अग्नी द्यायची वेळ झाली आणि सगळे मुककडे बघू लागले.

"वाजव, पोरी," लुंग चुआय हळूच म्हणाले. "शंभरदा ऐकलंयस. तुला येतं."

"येतं. पण मला दिलेलं नाही."

"आज कोण विचारणार आहे तुला?"

"विचारणारे तिथे झोपलेत," मुक चितेकडे बघत म्हणाली.

म्हातारा खाली बघू लागला. "आज गुरुवार असता, तर मीच धरले असते तुझे हात."

मुकने दोन्ही काठ्या माझ्यावर आडव्या ठेवल्या. ढोल वाजला, झांजा वाजल्या. माझी जागा रिकामी राहिली. अकरा वर्षं खडूंखाली पडलो होतो तेव्हाही मी इतका मुका नव्हतो. धूर वर गेला आणि ज्या माणसाने गावातल्या कितीतरी बेवारस माणसांना वाजवून निरोप दिला, तो स्वतः त्या सुरांवाचून गेला.

पुढच्या रविवारी मुलं वॉर्डात गेली. ख्रूंच्या खाटेवर नवा रुग्ण होता. मुकने वाजवलं, पण तिचं लक्ष नव्हतं. याय लामाईने आज एकही चूक काढली नाही. निघताना तिने मुकचं मनगट पकडलं.

"ते नाहीत. मग माझ्या वेळी कोण गं वाजवणार?"



मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं वाद्य असेल तर त्याची धूळ पुसा, त्याचा सूर बघा. पण त्याहून आधी, ज्यांना ते वाजवता येतं त्या माणसांकडे जा. आम्ही अकरा वर्षं थांबतो, कोणी उचललं की परत बोलतो. माणसांचं तसं नाही. ती देत असतील तेव्हा घ्या. वार बघू नका.

त्या रविवारी दवाखान्यातून निघताना मुक पिकअपमध्ये चढलीच नाही. तेमला तिने मला उचलू लागायला सांगितलं आणि आम्ही नदी ओलांडायला धक्क्यावरच्या होडीत बसलो. पलीकडे लुंग चुआय आपल्या घराच्या ओसरीवर केळी सोलत बसले होते. आम्हाला बघून त्यांना सगळं समजलं.

"पोरी, आज रविवार," ते म्हणाले. "गुरुवारी ये."

मुकने मला त्यांच्यासमोर ठेवलं. माझ्या पोटाखालचं मेण बोटाने दाबून बघितलं. मग त्यांच्याकडे पाठ करून ती माझ्यासमोर बसली, दोन्ही काठ्या घेतल्या आणि हात हवेत धरून ठेवले.